भोरचं अर्ध्या आण्याचं तिकीट

भोर संस्थानाची पहिली दोन टपालतिकिटं १८७९ साली निघाली. अर्ध्या आण्याचं किरमिजी, एक आण्याचं लाल. एकेक तिकीट हातानं ठसा दाबून देशी हातकागदावर उमटवलेलं. मागं गोंद नाही, कडेला दाते नाहीत. कात्रीनं कापायचं आणि खळ लावून चिकटवायचं. आमचे पणजोबा भोरच्या राजांच्या, म्हणजे पंतसचिवांच्या कचेरीत कारकून होते. या तिकिटांच्या गोष्टी आजोबांनी त्यांच्या तोंडून ऐकल्या आणि आम्ही आजोबांच्या. ठसा मारणाऱ्याचा हात जड पडला की अक्षरं शाईत बुडत, शाई ओढत आली की फिकी पडत. त्यामुळे एकासारखं दुसरं तिकीट सहसा मिळत नसे, असं ते सांगत. पुढं माझ्या हाती भिंग आलं, तेव्हा ही गोष्ट पारखीची पहिली खूण ठरली. भोरची चार तिकिटं समोर ठेवावीत आणि चारही तंतोतंत सारखी निघावीत, म्हणजे ती ठशानं उमटवलेली नाहीत, फोटोवरून ब्लॉक करून छापलेली आहेत, असा संशय घ्यायला हरकत नाही.

भोरचं तिकीट भोरच्या हद्दीतच चाले. हद्दीबाहेर पुण्याला पत्र धाडायचं तर राणीच्या मुखवट्याचं इंग्रजी तिकीट लागे. जुनागढ, काश्मीर, हैदराबाद, भोपाळ, बुंदी अशा बऱ्याच संस्थानांची तऱ्हा हीच होती. पतियाळा, ग्वाल्हेर, जिंद, नाभा, चंबा आणि फरीदकोट या सहांनी मात्र इंग्रज सरकारशी टपालाचा करार केला. त्यांना ब्रिटिश हिंदुस्थानचीच तिकिटं संस्थानाचं नाव वर छापून मिळत, आणि संस्थानात टाकलेलं पत्र तेवढ्या तिकिटावर देशभर जाई.

ग्वाल्हेरची माहिती थोरल्या काकांची. ते ग्वाल्हेर शहरातल्या लष्कर भागात राहत, शिंदे सरकारच्या नोकरीत होते. सरकारी टपालाच्या तिकिटांवर नागरीत ‘ग्वालियर सरविस’ असं छापलेलं असे आणि कचेरीतल्या पाकिटांचा ढीग त्यांच्या हाताखालून जाई. काकांनी मला एक गोष्ट घोटवून घेतली. करारातल्या संस्थानांची खोटी तिकिटं करणारा माणूस तिकीट खोटं करतच नाही. तो राणीचं खरं, स्वस्त, वापरलेलं तिकीट घेतो आणि त्यावर संस्थानाचं नाव खोटं छापतो. कागद खरा, जलचिन्ह खरं, रंग खरा. मग पकडायचं कुठं? जिथं डाकेचा शिक्का आणि छापील नाव एकमेकांवरून जातात तिथं. संस्थानाचं नाव आधी छापलेलं असणार, शिक्का नंतर बसणार. भिंगाखाली नावाची शाई शिक्क्याच्या शाईवर चढलेली दिसली, तर नाव मागाहून घातलं आहे. शिवाय शिक्क्यातलं गाव वाचावं. ग्वाल्हेरचं तिकीट संस्थानात टाकलेल्या पत्रालाच लागे, तेव्हा त्यावर भलत्याच शहराचा शिक्का दिसला तर थांबून विचार करावा.

नवखा माणूस चुकीच्या अक्षरांना फसतो. जिंदच्या तिकिटावर नाव कधी ‘झिंद’ तर कधी ‘जीन्द’ दिसतं. चंब्याच्या खऱ्या तिकिटांत अक्षरांची उलटापालट झालेली सापडते. भोपाळची गोष्ट तर विलक्षण आहे. तिथं शिळेवर प्रत्येक तिकीट वेगळं रेखाटलेलं होतं, आणि इंग्रजी अक्षरं बहुधा न कळणाऱ्या हातानं कोरलेली असावीत. नवाब शाहजहाँ बेगम यांच्या नावातली अक्षरं तिकिटागणिक गळतात, बदलतात. त्या चुका खऱ्या आहेत. भोपाळच्या तिकिटावर बेगमसाहेबांच्या नावाचा उर्दू लिपीतला उठावाचा ठसाही असतो. प्रकाश तिरपा धरला की तो दिसतो. नकला करणाऱ्यांचा हात बऱ्याचदा इथंच आखडतो.

माझ्या मते सगळ्यांत कठीण पारख वेगळीच आहे. १८८० नंतर युरोपातले संग्राहक संस्थानी तिकिटांसाठी पैसे मोजू लागले, आणि काही संस्थानांनी स्वतःच त्यांच्यासाठी जुनी तिकिटं पुन्हा काढली. फरीदकोट १८८७ च्या आरंभी करारात आलं. त्याच्या आधीच्या तिकिटांच्या नकला त्यानंतर निरनिराळ्या रंगांत निघाल्या. सिरमूरनं जुन्या नमुन्याची तिकिटं नव्यानं करवली. काश्मीरचा गुंता तर इतका, की लाहोरच्या सर डेव्हिड मॅसन यांना १९०० च्या सुमारास त्यावर दोन भागांचा ग्रंथ लिहावा लागला. ज्या संस्थानाचं तिकीट, त्याच संस्थानानं काढलेली प्रत. तिला बनावट कसं म्हणायचं? मी तिला बनावट म्हणत नाही. पण तिनं एकही पत्र वाहिलेलं नाही, आणि तिला मूळ तिकीट म्हणून विकणं ही सरळ चोरी आहे.

काश्मीरच्या जुन्या तिकिटांचा आणखी एक घात आहे. १८६६ पासूनची ती गोल आणि चौकोनी तिकिटं पाण्याच्या रंगात छापली होती. पाकिटावरून सोडवायला कुणी बशीतल्या पाण्यात घातली की पाणी रंगतं आणि हाती कोरा कागद राहतो. संस्थानी तिकीट, मग ते कुठलंही असो, पाण्यात घालू नये. कागदाची शंका असेल तर अतिनील दिव्याखाली पाहावं. १९५० च्या सुमारास कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात द्रव्यं घालू लागले. तसा कागद दिव्याखाली निळसर चमकतो. जुना हातकागद मंदच राहतो.

दख्खनची संस्थानं ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली, भोर त्यांतलंच. आजोबा सांगत, त्यानंतरच्या वर्षांत कचेऱ्यांचे आणि वाड्यांचे जुने कागद पोत्यांनी रद्दीत गेले. मुलांनी त्यांतली तिकिटं तेवढी कातरून घेतली आणि पाकिटं बंबात घातली. त्या पाकिटांवर तारीख होती, गाव होतं, शिक्का होता. तिकीट खरं असल्याचा त्याहून मोठा पुरावा नाही, कारण पत्र वाहिल्याची साक्ष एकट्या कातरलेल्या तिकिटाला कधीच पुरती देता येत नाही.

तुमच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, पोथ्यांच्या बासनात एखादं संस्थानी पाकीट असेल, तर त्याचं तिकीट कापू नका, भिजवू नका, चिकटपट्टी लावू नका. आतल्या पत्रासकट सबंध ठेवा आणि जाणत्या संग्राहकाला दाखवल्याखेरीज हातचं सोडू नका.