नात्याचे कोडे आणि गुप्तहेर

आपल्या जन्माचे रहस्य माणसाला फार उशिरा कळावे, ही कल्पना चित्रपटकलेहून कितीतरी जुनी आहे. कर्णाला ते युद्धाच्या तोंडावर कळले. सोफोक्लिसच्या नाटकातला ईडिपस राजा तर स्वतःच तपास हाती घेतो, साक्षीदार बोलावतो, त्यांची उलटतपासणी करतो आणि अखेर अपराधी म्हणून स्वतःपाशीच येऊन पोहोचतो. जगातला पहिला गुप्तहेर तोच, असे म्हणावयास हरकत नाही. विसाव्या शतकात ही कथा अमेरिकेतील गुप्तहेरपटांत शिरली. तिचे सर्वांत परखड रूप म्हणजे १९७४ साली प्रदर्शित झालेला ‘चायनाटाउन’.

हे रूप दिसण्यास इतका काळ का लागला, याचे उत्तर आपल्याला जवळचे आहे. अमेरिकेतील चित्रपटउद्योगाने १९३० साली स्वीकारलेली नीतिसंहिता लिहिण्यात येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड आणि मार्टिन क्विग्ली हे कॅथलिक प्रकाशक यांचा प्रमुख वाटा होता. १९३४ पासून तिची कडक अंमलबजावणी करणारे जोसेफ ब्रीन हेही कॅथलिकच. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. घराघरांतली मुले चित्रपट पाहत होती. परंतु परिणाम काय झाला? रेमंड चॅन्डलर यांच्या ‘द बिग स्लीप’ या कादंबरीत धाकट्या बहिणीचा अपराध थोरली झाकते, हेच कथेचे मर्म. १९४६ सालच्या चित्रपटात ते इतके धूसर झाले की, कोणी कोणाचे काय केले हे प्रेक्षकाला धड उमगत नाही. मुलांच्या कानांवर जे पडू नये म्हणून झाकले, त्यात मुलांवर झालेला अन्यायही झाकला गेला. १९६८ साली ती संहिता जाऊन वयोगटानुसार वर्गवारी आली, तेव्हा कोठे पटकथाकार रॉबर्ट टाउन यांना ही कथा मोकळेपणी लिहिता आली.

‘चायनाटाउन’ घडतो १९३७ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये. वरवर पाहता विषय पाण्याचा. या शहराने १९१३ साली ओवेन्स खोऱ्यातले पाणी सुमारे ३७५ किलोमीटर अंतरावरून कालव्याने आणले, आणि ते खोरे कोरडे पडत गेले. कालव्याचे अभियंता विल्यम मलहॉलंड यांनीच बांधलेले सेंट फ्रान्सिस धरण १९२८ साली फुटून चारशेहून अधिक माणसे दगावली. टाउन यांनी काळ बदलून आणि पात्रे काल्पनिक घेऊन या इतिहासाचा कथेसाठी उपयोग केला. चित्रपटातला पाणीखात्याचा प्रमुख अभियंता हॉलिस मलरे ऐन दुष्काळात बुडून मरतो, आणि त्याच्या फुप्फुसांत खारे पाणी सापडते. खाजगी गुप्तहेर जेक गिटीस त्या पाण्याचा माग काढू लागतो. मलरेच्या बागेतला माळी तळ्याकडे पाहून ‘ग्रास’ऐवजी ‘ग्लास’ असा उच्चार करतो. खारे पाणी गवताला वाईट, एवढेच त्याला सांगायचे असते. गिटीस त्याची नक्कल करून पुढे जातो. रहस्य मात्र त्या तळ्यातच असते, आणि तेथे सापडतो तो चष्मा! खुन्याने आपली ओळख काचेतच मागे ठेवलेली असते.

मलरेची पत्नी एव्हलिन एका तरुण मुलीला लपवून ठेवते. ही मुलगी कोण? गिटीसला वाटते, नवऱ्याची प्रेयसी. एव्हलिनने तिला डांबून ठेवले आहे. तो एव्हलिनला थपडांमागून थपडा मारतो. ती एकदा म्हणते, माझी बहीण. एकदा म्हणते, माझी मुलगी. प्रत्येक वेळी त्याला ते खोटे वाटते. आणि दोन्ही खरे असते. पंधरा वर्षांच्या एव्हलिनवर तिच्या बापाने, धनाढ्य नोआ क्रॉसने, अत्याचार केलेला असतो. शहराचे पाणी आणि पोटची मुलगी, दोन्ही आपलीच मालमत्ता मानणारा हा माणूस साकारला जॉन ह्यूस्टन यांनी. १९४१ सालचा ‘द माल्टीज फाल्कन’ हा नावाजलेला गुप्तहेरपट त्यांनीच दिग्दर्शित केला होता.

टाउन यांच्या मूळ पटकथेत एव्हलिन वाचत होती. दिग्दर्शक रोमान पोलान्स्की यांनी हट्टाने शेवट बदलला: एव्हलिन गोळीला बळी पडते आणि मुलगी क्रॉसच्या हाती लागते. याच पोलान्स्कींनी १९७७ साली तेरा वर्षांच्या मुलीशी बेकायदा शरीरसंबंध ठेवल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, आणि १९७८ साली शिक्षा सुनावण्यापूर्वी ते अमेरिका सोडून गेले. चित्रपट पाहताना हे विसरता येत नाही, आणि विसरूही नये.

गिटीसची भूमिका जॅक निकल्सन यांची. त्यांचा जन्म १९३७ सालचा, म्हणजे चित्रपटातल्या कथेच्याच वर्षीचा. ‘चायनाटाउन’ प्रदर्शित झाला त्याच वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाच्या संशोधकांना त्यांच्या पूर्वायुष्याचा शोध घेताना निराळीच हकीकत आढळली. ज्या एथेल मे यांना ते आई मानीत, त्या त्यांच्या आजी होत्या. आणि थोरली बहीण म्हणून ओळखलेली जून हीच त्यांची जन्मदात्री होती. मूल झाले तेव्हा ती अठरा वर्षांची आणि अविवाहित. आजीने नातवाला आपला मुलगा म्हणून वाढविले, घरीच केशभूषेचा व्यवसाय करून संसार चालविला, आणि मायलेकींनी हे गुपित अखेरपर्यंत पाळले. जून १९६३ साली वारली, एथेल मे १९७० साली. विचारावयाचे तरी कोणाला?

पडद्यावर जो गुप्तहेर ‘बहीण की मुलगी’ या कोड्यापाशी हतबल झाला, त्याच नटाच्या घरी ‘बहीण की आई’ हे कोडे सदतीस वर्षे नांदत होते. बाहेरून पाहता दोन्ही गुपितांचा साचा एकच. एकात बळी पडलेली आई आपल्या मुलीला बापापासून वाचविण्यासाठी नाते लपविते. दुसऱ्यात समाजाच्या बोलांपासून मुलीचे आणि बाळाचे रक्षण व्हावे म्हणून आजी आई होते. तपासणाऱ्याला मात्र दोन्ही ठिकाणी फक्त खोटेपणा दिसतो. त्या दोघी स्त्रियांविषयी निकल्सन पुढे कृतज्ञतेनेच बोलले.

१९९० साली या कथेचा उत्तरार्ध ‘द टू जेक्स’ या नावाने आला. दिग्दर्शन स्वतः निकल्सन यांचे. काळ १९४८ चा. एव्हलिनची मुलगी कॅथरिन आता मोठी झाली आहे, दुसऱ्या नावाने वावरते आहे. एका ध्वनिमुद्रणात तिचे मूळ नाव येते, आणि ते उघड होऊ नये म्हणून वयस्क गिटीस सारा चित्रपटभर धडपडत राहतो.