बोटीवरून घरी येताना



इतिहास म्हटलं की आपल्याला गडकिल्ले आठवतात. आज सांगणार आहे तो इतिहास फार जुना नाही. तोंडाला फडकं बांधून आपण सगळ्याच तो जगलो आहोत. २०२० ते २०२२ या काळात समुद्रावरच्या मोठमोठ्या प्रवासी बोटींवर माणसं अडकली. त्यांना घरी सोडायचं की नाही हे ठरवायला चाचणीचे नियम झाले, मोडले, पुन्हा झाले. त्याची ही गोष्ट.

बोटीवर सहलीला जाणारी माणसं पैसेवाली, त्यांचं आपल्याला काय, असं एखादी म्हणेल. पण त्याच बोटीवर भांडी घासणारा, खोल्या आवरणारा, ताटं वाढणारा माणूस बहुतेक वेळा आपल्यासारख्याच घरातला असतो. गोव्यात आणि कोकणात ‘मुलगा बोटीवर असतो’ हे वाक्य काही नवीन नाही.

साथीत बोट अडवून ठेवायची रीत मात्र जुनी. युरोपात रागुझा नावाचं बंदर होतं, आजचं क्रोएशियातलं डुब्रोवनिक. तिथे १३७७ मध्ये नियम झाला, की प्लेगच्या मुलखातून आलेल्यांनी ३० दिवस गावाबाहेर थांबायचं. पुढे त्या ३० चे ४० झाले. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, त्यावरून आपला क्वारंटाइन. आपल्याकडे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि इंग्रजांनी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. बंदरात येणारी-जाणारी बोट तपासायचा आणि माणसं अडवायचा अधिकार त्यात होता. मार्च २०२० मध्ये हाच कायदा पुन्हा बाहेर निघाला.

रागुझाच्या लोकांकडे चाचणी नव्हती. दिवस मोजायचे, एवढंच हातात होतं. २०२० मध्ये दोन गोष्टी हातात होत्या: दिवसांची मोजणी आणि नाकातला स्वॅब. कशावर किती भरवसा ठेवायचा, इथे घोळ झाला.

३ फेब्रुवारी २०२० ला ‘डायमंड प्रिन्सेस’ नावाची बोट जपानमधल्या योकोहामा बंदराजवळ थांबवली. आधी हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला कोरोना झाल्याचं कळलं होतं. बोटीवर ३,७११ माणसं. सगळ्यांची चाचणी करायला जपानकडे तेव्हा पुरेशी सोयच नव्हती. म्हणून पहिला नियम असा झाला, की ज्यांना ताप-खोकला आहे आणि जे त्या माणसाच्या जवळ आले होते त्यांचीच तपासणी. पहिले ३१ अहवाल आले, त्यात १० जणांना लागण! मग ५ फेब्रुवारीपासून प्रवाशांना १४ दिवस आपापल्या खोलीत बसवलं. नंतर वयस्कर लोकांच्या चाचण्या सुरू झाल्या आणि शेवटी सगळ्यांच्या. एकूण ७१२ जणांना लागण झाली. त्यातल्या जवळपास निम्म्यांना चाचणीच्या वेळी काहीच त्रास होत नव्हता. म्हणजे ताप असेल त्यालाच तपासायचं हा पहिला नियम पाळला असता, तर निम्मे लोक हातून निसटले असते.

आता प्रवासी खोलीत बसले, पण त्यांच्या दारात ताट कोण नेऊन ठेवणार? कर्मचारी. असे हजारावर कर्मचारी होते. दिवसभर काम करायचं आणि रात्री दोघा-तिघांनी एका लहान खोलीत झोपायचं. प्रवाशांचे १४ दिवस मोजले जात होते, यांचे सुरूच झाले नव्हते. ९ फेब्रुवारीपर्यंत २० कर्मचाऱ्यांना लागण झाल्याचं दिसलं. त्यातले १५ जण खाण्यापिण्याच्या कामावरचे होते. क्वारंटाइन म्हणे सगळ्या बोटीला! मला विचाराल तर तो निम्म्या बोटीला होता, आणि उरलेली बोट पहिल्या निम्मीची सेवा करत होती. घरात माणूस आजारी पडला की त्याचं अंथरूण वेगळं होतं, पण त्याची उष्टी भांडी उचलणारीला कोण वेगळं ठेवतं? तसंच हे.

१९ फेब्रुवारीपासून चाचणीत लागण नसलेल्या प्रवाशांना जपानने उतरू दिलं. माणसं बसने, रेल्वेने घरी गेली. तीनच दिवसांनी त्यातली एक बाई बाधित निघाली. शिवाय खोलीत बसवलेल्या काळात २३ जणांची चाचणी राहूनच गेली होती, हेही उघड झालं आणि आरोग्यमंत्र्यांना ते कबूल करावं लागलं. अमेरिकेने त्याआधीच आपले तीनशेहून जास्त लोक विमानाने नेले होते. ते विमानतळाकडे निघाले तेव्हा कळलं, की त्यातले १४ जण बाधित आहेत. त्यांना विमानात वेगळा आडोसा करून नेलं. ऑस्ट्रेलियाने शहाणपणा केला. जपानमध्ये चाचणी झालेली असूनही डार्विनजवळच्या एका छावणीत लोकांना पुन्हा १४ दिवस ठेवलं. तिथे पोचल्यावर लगेच दोघे बाधित निघाले.

जपानमध्ये ‘नाही’ आलेली चाचणी चार दिवसांत ‘हो’ कशी होते? पेरणीच्या दुसऱ्या दिवशी वाफा उकरून बघितलात तर कोंब दिसणार नाही. म्हणून बी पडलंच नाही असं होत नाही. विषाणू अंगात शिरल्यावर वाढायला त्याला काही दिवस लागतात. चाचणी त्या दिवसाचं सांगते, उद्याचं नाही. म्हणून चाचणी आणि दिवस, दोन्ही लागतात.

या बोटीवर आपले १३८ भारतीय होते. प्रवासी फक्त ६, बाकीचे १३२ कामाला. प्रवासी उतरायला लागल्यानंतरही हे लोक बोटीवरच होते. १६ जण बाधित होते, ते जपानच्या दवाखान्यांत राहिले. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ जण दिल्लीला आले आणि मानेसरच्या लष्करी केंद्रात पुन्हा १४ दिवस राहिले. घरच्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल ते तुम्हाला सांगायला नको.

महिनाभरात हाच धडा ऑस्ट्रेलिया विसरला. १९ मार्च २०२० ला ‘रुबी प्रिन्सेस’ बोट सिडनीला लागली. बोटीवर आजारी माणसं होती आणि त्यांचे स्वॅब घेतलेले होते. पण आरोग्य खात्याने बोटीला धोका कमी असं ठरवलं आणि अहवाल यायच्या आत सुमारे २,७०० प्रवाशांना उतरू दिलं. अहवाल दुसऱ्या दिवशी आले आणि त्यात बाधित निघाले. तोवर माणसं देशभर पांगली होती. त्या बोटीमुळे साडेसहाशेवर लोकांना लागण झाली आणि २८ जण दगावले. पुढे चौकशी आयोग नेमला गेला. त्यात दिसलं, की कुणाला संशयित धरायचं याचा नियम नऊ दिवस आधीच बदलला होता, पण बोटीवरच्या आजाऱ्यांना तो लावलाच गेला नाही. नियम बदलत राहतात म्हणून आपण कुरकुर करतो. इथे नियम योग्य दिशेने बदलला होता, तो बोटीपर्यंत पोचला नाही. बँकेचा नवा नियम निघतो आणि आपल्या गटाला तो सहा महिन्यांनी कळतो, तशातली गत.

मुंबईत वेगळीच अडचण होती. टाळेबंदी लागलेली, विमानं बंद. ‘मारेला डिस्कव्हरी’ नावाची बोट एप्रिलमध्ये मुंबईच्या समुद्रात येऊन उभी राहिली. तिच्यावर सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी होते. किनारा दिसत होता, पण उतरायचं कसं याचा नियमच नव्हता. २१ एप्रिलला केंद्राने खलाशांसाठी नियमावली काढली. चाचणी करायची, अहवाल येईपर्यंत वेगळं ठेवायचं, लागण नसेल तर गावी जायला पास द्यायचा आणि गावच्या प्रशासनाला कळवायचं. दोनच दिवसांनी ती माणसं उतरली. पण बघा, रुबी प्रिन्सेसवर जे झालं नाही, ते एक वाक्य या नियमात होतं: अहवाल येईपर्यंत थांबायचं.

हीच ओढाताण त्या वर्षी गणपतीत झाली. चाकरमान्यांना आधी १४ दिवस शाळेत नाहीतर घरात वेगळं राहायचं होतं, ते १० दिवसांवर आलं. १२ ऑगस्टच्या आत गावी पोचलात तर चाचणी नको, नंतर याल तर चाचणी करूनच या. गणपती २२ ला होते, म्हणजे आधीच्यांचे दिवस भरत होते, नंतरच्यांचे भरत नव्हते, म्हणून चाचणी. हिशेब साधा होता, पण तो कुणी गावाला समजावून सांगितला नाही. नुसती तारीख आली आणि घराघरांत भांडणं लागली.

शेवटची बोट ‘कॉर्डेलिया’, मुंबई-गोवा करणारी. जानेवारी २०२२ मध्ये नव्या वर्षाची मजा करायला गेलेले दोन हजार लोक मुरगाव बंदरात अडकले. सगळ्यांची चाचणी झाली, ६६ जण बाधित. बोट मुंबईला परत पाठवली. मुंबईत पुन्हा सगळ्यांचे स्वॅब घेतले आणि अहवालाशिवाय उतरू दिलं नाही. आणखी शंभरावर लोक बाधित निघाले. गोव्याच्या चाचणीवरच भागवलं असतं, तर हे शंभर जण टॅक्सी करून घरी गेले असते. प्रवाशांनी खूप आरडाओरडा केला म्हणे. करणारच. घर दिसायला लागलं की माणसाला धीर धरवत नाही.

त्याच महिन्यात परदेशातून येणाऱ्यांना ७ दिवस घरात बसायचा आणि आठव्या दिवशी चाचणी करायचा नियम आला. विमानाने या की बोटीने. १४ फेब्रुवारी २०२२ ला तोही गेला. तेव्हा असं ठरलं, की शंभरातल्या दोघांचाच स्वॅब घ्यायचा, आणि बाकीच्यांनी घरी जाऊन स्वतःच्या तब्येतीवर लक्ष ठेवायचं. किती दिवस? तेच, १४.