हैदराबादच्या मोटारी आणि ठरीव तनखा

मोटार विकत घेणाऱ्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात. गाडी किती वेगाने धावते, हा पहिला. आणि खिशात किती पैसे आहेत, हा दुसरा. सामान्य गृहस्थ दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करतो, राजेरजवाडे पहिल्यापासून करीत. हैदराबादच्या आसफजाही घराण्यात मात्र या दोन प्रश्नांची अशी काही गुंतागुंत झाली, की तिचा इतिहास सांगताना त्या संस्थानाच्या जमाखर्चाची वहीच उघडावी लागते.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १९११ साली इंग्लंडमधील रोल्स-रॉइस कंपनीकडे एका मोटारीची मागणी नोंदविली. गाडी होती चाळीस-पन्नास अश्वशक्तीची, जगाला ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने ठाऊक असलेली. तिचा सांगाडा व यंत्र कंपनीचे आणि वरची बैठक लंडनच्या बार्कर या कारागिरांची. निजामांच्या इच्छेप्रमाणे मागच्या बाजूस सिंहासनासारखे उंच आसन आणि त्यावर घुमटाकार छत अशी रचना करण्यात आली. रंग पिवळा, म्हणजे घराण्याच्या निशाणाचाच. परंतु गाडी तयार होण्याच्या आतच, २९ ऑगस्ट १९११ रोजी, महबूब अली खान मरण पावले. ती हैदराबादेस आली तेव्हा गादीवर त्यांचे चिरंजीव मीर उस्मान अली खान होते.

या ठिकाणी थोडे थांबून ही ‘सिल्व्हर घोस्ट’ होती तरी काय, हे पाहिले पाहिजे. आज ती वस्तुसंग्रहालयातील पालखीसारखी भासते. त्या काळी ती वेगवान आणि काटक गाड्यांची शिरोमणी होती. १९०७ साली ब्रिटनमध्ये पंचांच्या देखरेखीखाली तिची परीक्षा झाली. १४,३७१ मैल यंत्रात आपखुशीने बंद पडण्याचा दोष न होता ती धावली. १५,००० मैल पुरे झाल्यावर यंत्र सुटे करून पाहिले, तेव्हा झिजलेले भाग बदलण्यास जो खर्च आला तो होता अवघा २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. पुढे १९११ साली याच जातीची एक गाडी लंडनहून एडिंबरोस जाऊन परत आली, ती आरंभापासून अखेरपर्यंत वरच्या गिअरमध्येच. आणि ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर तिने ताशी ७८ मैलांचा वेग गाठला. हा वेग आणि हा दुरुस्तीचा आकडा, दोन्ही एकत्र वाचावेत. वेगाची खरी किंमत खरेदीच्या दिवशी कळत नाही; ती पंधरा हजार मैलांनंतर कळते. कंपनीने हे ओळखले होते, म्हणूनच तिने वेगाच्या जोडीला दुरुस्तीच्या पावतीचीही जाहिरात केली.

मराठी मुलखाने तर या गाडीची परीक्षा आपल्या डोळ्यांनी पाहिली होती. १९०८ साली वेस्टर्न इंडियाच्या मोटर युनियनने मुंबई-कोल्हापूर अशी स्पर्धा भरविली. एकंदर मार्ग सुमारे ६२० मैलांचा आणि वाटेत सहा घाट. आज त्या रस्त्यावरून तासाभरात घाट चढून जाणाऱ्यास त्याची कल्पना येणार नाही. खडीचा रस्ता, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या, चढावर उकळणारे पाणी, उतारावर तापणारे ब्रेक, अशा वाटेवर नाजूक गाडीचा निभाव लागत नसे. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ म्हणजे पूर्वेचा मोती असे नाव दिलेली रोल्स-रॉइस त्यात यशस्वी ठरली, आणि ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी विकत घेतली. सह्याद्रीचे घाट चढून दाखविलेली गाडी घेणे, ही निवडीची शहाणी रीत होय. हिंदुस्थानातील संस्थानिकांत रोल्स-रॉइसचा जो बोलबाला झाला, त्याला या घाटांचीही साक्ष उपयोगी पडली असली पाहिजे.

आता हैदराबादकडे वळू. ग्वाल्हेरकरांनी घाट चढलेली गाडी घेतली. हैदराबादच्या नशिबी आली ती मिरवणुकीची. यंत्र त्याच जातीचे, पण काम निराळे. दरबारी समारंभ, १९३७ साली साजरा झालेला निजामांचा रौप्यमहोत्सव, अशा मोजक्या प्रसंगी ती बाहेर निघे. तिच्या साऱ्या आयुष्यात ती जेमतेम ३५६ मैल चालली, असे सांगितले जाते. म्हणजे हैदराबादहून पुण्यास एकदा जाऊन येणेसुद्धा तिच्या वाट्यास आले नाही. त्या वेळी कंपनी नुसत्या सांगाड्यासाठी सुमारे ९८५ पौंड घेत असे. पौंडाचा भाव १५ रुपये होता, तेव्हा ही रक्कम पावणेपंधरा हजार रुपयांच्या घरात जाते. बार्करची बैठक, सिंहासन, जहाजाचे भाडे हे सारे वेगळे. ते बाजूस ठेवूनही हिशेब केला, तर मैलामागे ४१ रुपयांहून अधिक पडतात. जगातील अत्यंत टिकाऊ मोटार टिकण्याची संधीच न मिळता महाग ठरली.

आणखी नवल असे, की ज्यांच्या दारी ही गाडी उभी होती ते उस्मान अली खान स्वतः मात्र जुन्या फोर्ड मोटारीतून फिरत. ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने २२ फेब्रुवारी १९३७ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर जगातील सर्वांत धनाढ्य पुरुष म्हणून ज्यांचे चित्र छापले, त्यांच्या काटकसरीच्या कथा त्या शहरात घरोघर सांगितल्या जात. जुनी शेरवानी, जुनी टोपी, जुनी फोर्ड. या कथांत अतिशयोक्ती किती आणि सत्य किती, हे निवडणे कठीण. तथापि एवढे खरे दिसते, की निजामांनी दोन गाड्यांची दोन कामे मनाशी वाटून दिली होती. एक राज्याच्या प्रतिष्ठेची, दुसरी माणसाच्या येण्याजाण्याची. त्यांपैकी दुसऱ्या गाडीची निवड कोणाही मध्यमवर्गीय गृहस्थाला पटण्यासारखी आहे.

येथे एका लोकप्रिय दंतकथेचा समाचार घेतलेला बरा. लंडनच्या दुकानात अपमान झाला म्हणून एका राजाने रोल्स-रॉइस गाड्या विकत घेऊन त्या कचरा वाहण्यास लावल्या, अशी गोष्ट सर्वत्र ऐकू येते. कधी ती अलवारच्या महाराजांच्या नावावर, कधी भरतपूरच्या, तर कधी हैदराबादच्या निजामांच्या नावावर खपते. राजा बदलतो, गोष्ट बदलत नाही आणि पुरावा कोणीच पुढे ठेवीत नाही. अशी गोष्ट इतिहासात घेता येत नाही.

हा पैसा येत होता कोठून? संस्थानात ‘सर्फ-ए-खास’ नावाचा मोठा मुलूख होता. त्याचा वसूल सरकारी खजिन्यात न जाता थेट निजामांच्या खाजगीकडे जमा होई. त्यातील काही तालुके मराठवाड्यातील होते. तेव्हा त्या पिवळ्या गाडीच्या चाकाखाली जे तेल जळत होते, त्यात जोंधळा पिकविणाऱ्या मराठी कुणब्याच्याही शेतसाऱ्याचा वाटा होता. थैली तळाशी उघडी असेल आणि वरून कोणी दुसराच तीत भर घालीत असेल, तर निवड करण्याची गरज राहत नाही. सर्वच गाड्या घेता येतात. आणि सर्व घेता आल्या, की कोणतीच धावत नाही.

याच हैदराबादेत, याच काळात, ठरलेल्या पैशांत वाहने निवडण्याचा एक वेगळा प्रयोग झाला, तो मात्र फारसा कोणी सांगत नाही. निजाम सरकारने १९३० साली रेल्वे आपल्या मालकीची केली आणि जून १९३२ मध्ये तिच्याच हाताखाली रस्ता वाहतुकीचे खाते उघडले. आरंभी गाड्या २७ आणि नोकर १६६. त्या काळच्या बसगाड्यांपैकी ग्लासगोच्या अल्बियन कंपनीच्या गाड्या अजून जुन्या हैदराबादकरांच्या स्मरणात आहेत. त्यांच्या तोंडावर उगवत्या सूर्याचे चिन्ह असे. त्यांना वेगाचे नाव नव्हते. पण अशा खात्यात गाडीचा खर्च तिकिटाच्या पैशांतून निघणे महत्त्वाचे असते. सरकारने स्वतः बससेवा चालविण्याचा हा हिंदुस्थानातील अगदी आरंभीचा उद्योग. मुंबई राज्याची पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरास निघाली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी. हैदराबादच्या बसगाड्यांच्या क्रमांकात ‘झेड’ हे अक्षर असते, ते निजामांच्या मातोश्री जोहरा बेगम यांच्या नावावरून आले असे लोक सांगतात. आईच्या नावाची गाडी सामान्य लोकांना घेऊन रोज धावली आणि मुलाची सिंहासनगाडी वाड्यात उभी राहिली.

खऱ्याखुऱ्या शर्यतीच्या जातीच्या मोटारींचा छंद मराठी राजघराण्यांत पाहावयाचा, तर इंदूरकडे जावे लागते. दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३५ च्या सुमाराची अमेरिकन ड्यूसेनबर्ग घेतली. तिची बैठक लंडनच्या गर्नी नटिंगने बांधली, रंग होळकरांचे नारिंगी आणि काळा. यंत्रात हवा कोंबणारे साधन जोडलेले असल्याने तिची शक्ती ३२० घोड्यांची आहे, असा कारखान्याचा दावा होता. ही मिरवणुकीची गाडी नव्हे; हौसेने हाकण्याची होती. पण तीही उघड्या थैलीतलीच निवड.

थैलीला गाठ पडली ती संस्थाने विलीन झाल्यावर. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबादेत भारतीय सैन्य आले. सर्फ-ए-खास सरकारजमा झाले. निजामांचा सालिना तनखा ५० लाख हाली रुपये ठरला. भारतीय चलनात ही रक्कम ४२,८५,७१४ रुपये होते. सरकारी यादीत ती अशीच, शेवटच्या रुपयापर्यंत नोंदलेली आहे. शिवाय बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई आणि वाड्यांची देखभाल यांसाठी वेगळी तरतूद होती. इंदूरच्या वाट्याला १५ लाख आले. रक्कम मोठी खरीच, पण ती ठरीव होती. दुष्काळ पडो वा सुकाळ होवो, तीत वाढ होणार नव्हती. आणि खर्च मात्र दर वर्षी वाढत होता.

याचा अर्थ काय, हे नातवाला कळले. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी उस्मान अली खान वारले आणि वारसा मुकर्रम जाह यांच्याकडे आला. जन्म फ्रान्समधील नीस येथे १९३३ चा, शिक्षण डून स्कूल, हॅरो आणि केंब्रिज येथे. आणि यंत्रांची ओढ एवढी, की उघड्या इंजिनात हात घालण्यात त्यांना दरबारापेक्षा अधिक आनंद वाटे. तनखा मात्र आता २० लाखांवर आला होता. चौदा हजारांवर नोकरचाकरांचा परिवार आणि मोटारखान्यात ६० गाड्या. त्यांच्या चरित्रकथनात असे नोंदले आहे, की या ६० पैकी चालू स्थितीत होत्या चार, आणि तरी पेट्रोल व सुट्या भागांचे बिल वर्षाला ९०,००० डॉलर होत होते. १९६६ च्या अवमूल्यनानंतर डॉलरचा भाव साडेसात रुपये होता. हिशेब केला तर ही रक्कम पावणेसात लाख रुपये होते, म्हणजे साऱ्या तनख्याचा तिसरा हिस्सा. चार गाड्या चालविण्यास एवढे पेट्रोल लागत नाही. उरलेल्या छप्पन्न उभ्या गाड्या ते कसे पीत होत्या, हे मोटारखान्यातील मंडळींनाच ठाऊक. उभी मोटार चालत्या मोटारीपेक्षा अधिक खाते, हे आजोबांना तनख्याच्या काळातही उमगले असेल. पण गाड्या कमी करणे त्यांच्याने झाले नाही.

१९७१ च्या अखेरीस घटनादुरुस्तीने तनखे रद्द झाले आणि ठरीव थैलीही गेली. त्यानंतर मुकर्रम जाह पश्चिम ऑस्ट्रेलियात जाऊन राहिले. तेथे मर्चिसन हाउस नावाचे मेंढ्यांचे विस्तीर्ण रान त्यांनी घेतले. वाहन स्वतः निवडण्याची वेळ आली, तेव्हा या माणसाने आपला जीव रमविला तो बुलडोझरवर. डिझेलवर चालणारे, ताशी चार-पाच मैलांच्या चालीने माती लोटणारे ते यंत्र जगातील सर्वांत श्रीमंत माणसाचा नातू तासन्‌तास हाकीत असे. त्याची कुचेष्टा पुष्कळांनी केली. कुचेष्टा करण्याजोगे त्यांच्या व्यवहारात इतर पुष्कळ होते आणि ते रानही पुढे कर्जापायी हातचे गेले. परंतु ती निवड तरी त्यांची स्वतःची होती.

पुढे राजकन्या एसरा यांच्या देखरेखीखाली चौमहल्ला वाड्याची डागडुजी झाली आणि २००५ साली तो लोकांसाठी खुला झाला. पिवळी सिल्व्हर घोस्ट तेथेच मांडली गेली. मुकर्रम जाह १४ जानेवारी २०२३ रोजी इस्तंबूल येथे वारले. त्यांचा देह हैदराबादेस आणून मक्का मशिदीत दफन करण्यात आला. महिनाही उलटला नव्हता, तोच ११ फेब्रुवारी रोजी हुसेनसागराच्या काठी विजेवर धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारींची जागतिक फेरी झाली. सुमारे पावणेतीन किलोमीटरच्या मार्गावर फ्रान्सच्या वेर्न्य यांनी ती जिंकली. दुसऱ्या वर्षीची शर्यत १० फेब्रुवारी २०२४ रोजी ठरली होती. राज्यात सरकार बदलले, यजमानपणाचा करार नवे सरकार पाळणार नाही असे आयोजकांनी जानेवारीत जाहीर केले, आणि ती शर्यत झालीच नाही. त्या करारापोटी दिलेल्या पैशांचा वाद त्यानंतरही चालू राहिला.