तीन शाहिरांचा एक फड

यवतमाळ जिल्ह्यात वणी-केळापूरकडच्या कोलाम आणि गोंड वस्त्यांतून दिवाळीच्या सुमारास ज्या दंडारी रंगतात, त्यांतील गाण्यांचा कर्ता कोण, असा प्रश्न तेथे सहसा कोणी विचारीत नाही. गाणे साऱ्या वस्तीच्या मालकीचे असते. शाहिरी परंपरेचा दंडक निराळा. तेथे कवनाच्या अखेरीस शाहिराची नाममुद्रा उमटते, डफ त्याच्या हाती असतो, आणि झीलकरी व तुणतुणेवाला त्याच्या मागे उभे राहतात. एका फडात दोन नामांकित शाहीर म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. म्हणूनच १९४४ साली मुंबईत अण्णाभाऊ साठे, अमरशेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी मिळून ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले, ही घटना मला शाहिरीच्या इतिहासात असाधारण वाटते.

हे कोणी नवशिके नव्हते. वाटेगावच्या मांगवाड्यात १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊंनी आप्तांच्या तमाशात उमेदवारी केलेली होती, मुंबईच्या गिरणीत घाम गाळला होता, आणि स्तालिनग्राडच्या लढ्यावरील त्यांचा पोवाडा कामगारवस्त्यांतून दुमदुमू लागला होता. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच अमरशेख, यांना गाण्याचा वारसा आई मुनेरबीकडून लाभलेला. त्यांचा पहाडी आवाज हजारोंच्या सभेला खिळवून ठेवीत असे. अशा माणसांनी दुसऱ्याच्या कवनाला झील द्यावी, यास कलावंताच्या ठायी दुर्मीळ असा निरहंकार लागतो.

त्यांनी परंपरेचे दप्तर जसेच्या तसे पुढे चालविले नाही. अण्णाभाऊंनी तमाशाच्या गणातील गणेशवंदनेच्या जागी मायभूमीला आणि श्रमिकांना वंदन केले, गौळण वगळली; परंतु सोंगाड्याची हजरजबाबी वाणी राखली, कारण रयतेचे गाऱ्हाणे अंमलदाराच्या तोंडावर मांडण्याची सनद तिच्याकडे पूर्वापार होती. पुढे मुंबई सरकारने तमाशावर बंदीहुकूम काढला, तेव्हा तोच खेळ ‘लोकनाट्य’ या नावाने लोकांपुढे आला.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीने मुंबईस आलेल्या कष्टकऱ्याच्या विरहात मराठी मुलखाच्या ताटातुटीचे दुःख ओतले. आमच्या यवतमाळात मात्र त्या दुःखाला दुसरीही बाजू होती. १९५६ साली हा जिल्हा मध्यप्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि वणीचे लोकनायक बापूजी अणे स्वतंत्र विदर्भाचे आग्रही पुरस्कर्ते होते. तेव्हा मुंबईच्या मैदानात ज्या ओळींनी मुठी आवळल्या जात, त्या येथल्या श्रोत्याच्या अंतःकरणात काहीशा संमिश्र भावाने उतरल्या असतील, असे मला वाटते. विरहाचे दुःख पटावयास मात्र राज्याच्या हद्दीचा वाद आड येत नाही.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णाभाऊ गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमरशेख अपघातात निवर्तले. पुढे १९७३ साली यवतमाळास मराठी साहित्य संमेलन भरले, त्या वेळी अध्यक्षपदी ग. दि. माडगूळकर होते. तेही अण्णाभाऊंप्रमाणे सांगलीकडच्याच मातीतले, आणि उमेदवारीच्या काळात शाहीर शंकरराव निकमांसाठी पोवाडे रचून देणारे.