हलालखोर गेले तर?

१८९६च्या ऑक्टोबरात मुंबईचे महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांना प्लेगइतकीच आणखी एका गोष्टीची धास्ती होती. हलालखोर आणि बिगारी हे सफाई कामगार शहर सोडून गेले तर?

२३ सप्टेंबरला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला होता. रोग घाणीतून आणि कोंदट हवेतून येतो, अशी तेव्हा समजूत होती. मग गटारे धुवा, घरगल्ल्या उपसा, भिंतींना चुना मारा, कौले काढून खोलीत ऊन येऊ द्या. ही झाडलोट ज्यांच्यावर पडली, ते एरवी मैल्याच्या पाट्या वाहत. घरमालक त्यासाठी वेगळा हलालखोर कर भरत.

६ ऑक्टोबरच्या हुकुमाने रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवणे सुरू झाले. इस्पितळात गेलेला परत येत नाही, अशी आवई उठली आणि २९ तारखेला गिरणी कामगारांनी आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. लगेच नियम सैल झाले. सफाई कामगार निघून गेले तर शहर राहण्याजोगे उरणार नाही, ही भीती त्यामागे होती. ज्यांची सावलीही नको, त्यांच्या नुसत्या जाण्याच्या शक्यतेने सरकार दोन पावले मागे आले! मात्र काळजी त्यांच्या जाण्याची होती. त्यांच्या जिवाची नव्हे.

प्लेग छातीत उतरण्याचा धोका लवकरच दिसला. जानेवारी १८९७मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजचे डॉ. मॅन्सर आणि त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिका, दोघेही फुफ्फुसाच्या प्लेगने दगावले. डॉ. चाइल्ड यांनी मुंबईतल्या अशा रुग्णांच्या थुंकीत प्लेगचे जंतू दाखवून दिले. गाठ न येताही प्लेग न्यूमोनियाच्या रूपाने माणूस मारतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

सफाई करणाऱ्याला मात्र मुख्य धोका मेलेल्या उंदरांवरच्या पिसवांचा. पिसू चावली की गाठ येते. जंतू रक्तातून फुफ्फुसात उतरले की तोच माणूस खोकल्यातून दाटीच्या खोलीतल्या घरच्यांना रोग देऊ शकतो. पिसवांचा हा दुवा संशोधक पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये मांडला, पण १९०५नंतर परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग आयोगाच्या प्रयोगांनंतरच तो पक्का झाला. तोपर्यंत बराच भर गटारांत जंतुनाशक कार्बोलिक ओतण्यावर होता. खात्रीचे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४०च्या दशकात आले; तोवर फुफ्फुसाचा प्लेग झालेला माणूस बहुधा दोन-तीन दिवसांत जाई.