मोबाइल टॉवरच्या प्रारणाचे मापन : उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर

माणसे वावरतात त्या जागी टॉवर, आकाशवाणी, वायफाय यांच्या रेडिओलहरी किती तीव्र आहेत, हे ठरवण्याची पद्धत. तीव्रता व्होल्ट प्रतिमीटर किंवा वॉट प्रतिचौरसमीटर या एककांत सांगतात. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली : ९०० मेगाहर्ट्‌झला ०.४५, तर १८०० मेगाहर्ट्‌झला ०.९ वॉट प्रतिचौरसमीटर.

साधा मापक सर्व लहरींची बेरीज दाखवतो. वर्णपट विश्लेषक वारंवारतेचा प्रत्येक पट्टा वेगळा करतो. प्रत्येक पट्ट्याचे वॉट प्रतिचौरसमीटरमधले वाचन त्याच्या मर्यादेने भागून येणाऱ्या गुणोत्तरांची बेरीज १ च्या आत राहावी लागते. वाचन सहा मिनिटांच्या सरासरीचे असते. फोनची वर्दळ वाढली की तेही वाढते, म्हणून वेळ नोंदवल्याखेरीज आकडा अपुराच.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या शहरांत खरा प्रश्न उंचीचा आहे. अँटेनाचा झोत जवळजवळ आडवा, किंचित खाली कललेला असतो. त्यामुळे टॉवरच्या अगदी खाली तीव्रता बहुधा कमी भरते आणि समोरच्या इमारतीच्या समपातळीवरील मजल्यावर जास्त. उल्हासनगर १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांसाठी वसले. सुमारे १३ चौरस किलोमीटरांत २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर लोक होते. बैठ्या बराकींना लागून बहुमजली इमारती उभ्या असलेल्या इथल्या कॅम्पांत, म्हणजे जुन्या छावणीच्या भागांत, केवळ रस्त्यावरून मापक फिरवून भागत नाही. गच्ची आणि बाल्कनीतली वाचने हवीतच. अँटेनासमोरच्या इमारतीसाठी दूरसंचार विभागाने एका अँटेनाला २० मीटर, बारांना ७५ मीटर अंतर ठरवले होते.

अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडवरून लहरी परावर्तित होतात, म्हणून काही पावलांवरही वाचन बदलते. बदलापुरात नव्या इमारती चढत आहेत : अँटेना जागची हललेली नसतानाही तिच्या झोतात नवा मजला येऊ शकतो. तिथले जुने वाचन मग त्या घरापुरते निरुपयोगी ठरते.

२०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर ४,००० रुपये भरून टॉवरची तपासणी मागता येऊ लागली. बराकीत राहणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम जड आहे. शिवाय ही तपासणी टॉवर नियमात बसतो का एवढेच सांगते. वस्तीतल्या तीव्रतेचा नकाशा त्यातून तयार होत नाही. कानाशी धरलेल्या फोनचे मापनही निराळे असते. डोक्यात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची त्याची मर्यादा प्रतिकिलोग्रॅम १.६ वॉट आहे.