वारं फिरलं, गुरं आत घ्या

जोयड्याला समुद्र नाही, पण समुद्रातल्या वादळाचं भय आमच्या तालुक्यात कारवारइतकंच जुनं आहे. अणशी घाटाच्या पायथ्याकडे कारवार, माथ्यावर आम्ही आणि मधे सह्याद्रीचा कडा. अरबी समुद्रावरून आलेले ढग या कड्याला अडतात आणि आमच्या डोक्यावर रिते होतात. कॅसलरॉकला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढा पाऊस अंगावर घेणारी माणसं आषाढातल्या झडीला भीत नाहीत. ती भितात अवेळी आलेल्या पावसाला, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या वाऱ्याला.

हे भय मला आजीकडून मिळालं. आजी जुन्या सुप्याची. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं सुपे हे तालुक्याचं ठाणं होतं. 1980च्या दशकात ते धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि आमच्यासारखी कितीतरी घरं रामनगरला येऊन वसली. गाव बुडालं, तरी आजीच्या गोष्टी शेवटपर्यंत सुप्यातच घडत राहिल्या. त्या गोष्टींत वादळाला सन नसे, नक्षत्र असे. ‘कृत्तिकांत गोठ्याचं छप्पर गेलं ते वादळ’, ‘स्वातीत खळ्यावरचं भात कुजलं ते वादळ’, अशी त्याची ओळख ठरलेली. लहानपणी वाटायचं, म्हातारीला साल आठवत नाही म्हणून ती नक्षत्र सांगते. पण शेतकऱ्याच्या घरात वादळ किती मोठं होतं यापेक्षा ते आलं तेव्हा धान्य कुठे होतं, छप्पर शाकारून झालं होतं की नाही, हेच महत्त्वाचं. नक्षत्र सांगितलं की हे सगळं आपोआप कळतं.

आजीचे धास्तीचे काळ दोन. पहिला मृगाआधीचा, कृत्तिका-रोहिणीचा. शाकारणी अर्धी झालेली, लाकूडफाटा अंगणात पडलेला, मीठ-मिरची आणि सुक्या मासळीची बेगमी चाललेली. दुसरा चित्रा, स्वाती, विशाखांचा. तेव्हा भात कापून शेतात आडवं पडलेलं असे. या दोन्ही काळांत ती रोज संध्याकाळी अंगणात उभी राहून वारा बघे. ढग पश्चिमेला साचलेत आणि वारा मात्र पूर्वेकडून सुटलाय, असं दिसलं की ती आवाज देई, “वारं फिरलं, गुरं आत घ्या!”

मग घरात धावपळ उडे. ऐनाचे वासे पुन्हा दोरांनी आवळायचे. भाताच्या मुड्या माळ्यावर चढवायच्या. चुलीजवळ चार दिवसांचं कोरडं जळण रचायचं. जुन्या, पोखरलेल्या झाडाखालचा गोठा रिकामा करायचा. ओहोळाच्या काठच्या मांगरात कुणी निजायला गेलं असेल, तर त्याला बोलावून आणायचं. शेजारच्या कुणबी वाडीतल्या बायका कोन, कणगी, मुडली असे कंद लावत. आजी म्हणायची, “जमिनीतलं अन्न वाऱ्याला सापडत नाही.” भात गेलंच, तर पोटाला आधार म्हणून कंद जमिनीत राखलेले असत. जोयड्याचे कंद आज प्रसिद्ध आहेत, त्यांचा मेळा भरतो. पण त्यांच्यामागे वाईट वर्षाची ही तरतूदही आहे, हे नव्या पिढीला सांगायला हवं.

थोरले काका कारवारहून मीठ आणि सुकी मासळी आणत. त्यांच्याकडे बातमी असे ती बंदराची. “तीन नंबरचा बावटा लागलाय,” एवढं ते म्हणाले की वाडीला पुरे. 1864मध्ये कलकत्त्याला भयानक चक्रीवादळ झालं. त्यानंतर तिथल्या बंदरात इशाऱ्याच्या अशा खुणा लावण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे 1875मध्ये भारतीय हवामान खातं उभं राहिलं. बंगालच्या त्या आकांतातून निघालेली खूण मिठाच्या पोत्यांसोबत घाट चढून आमच्यापर्यंत येत होती. मग आकाशवाणी आली. संध्याकाळच्या बातम्यांना काकांच्या ओट्यावर माणसं जमत आणि हवामानाचा अंदाज लागला की सगळे गप्प होत.

पुढे हवामानाबद्दल वाचू लागलो, तेव्हा आजीचं शास्त्र उमगलं. अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः दोनदा होतात : पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये आणि पावसाळा सरताना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. भर पावसाळ्यात खालचे आणि वरचे वारे इतके वेगळे वाहतात की वादळाचा खांब उभाच राहत नाही. उत्तर गोलार्धात वादळाचे वारे घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात; म्हणून वादळ आमच्या नैर्ऋत्येला समुद्रात असलं, की इथे वारा पूर्वेकडून, आग्नेयेकडून येतो. आजी अंगणात उभी राहून नेमकं हेच ओळखत होती.

अलीकडची नावं असलेली वादळं तिच्या नक्षत्रांत बसवून पाहिली. फयान आलं 2009च्या नोव्हेंबरात, विशाखांत. क्यार 2019च्या ऑक्टोबरात, स्वातीत. 27 तारखेला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते समुद्रात महाचक्रीवादळ झालं. ते किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे वळलं, पण त्याच्या पावसानं गोवा-कारवारकडची कापणीला आलेली भातं भिजवली. निसर्ग 3 जून 2020ला, रोहिणीत. तौक्ते 2021च्या मे महिन्यात, कृत्तिकांत. यातलं एकही वादळ आजीच्या दोन काळांबाहेरचं नव्हतं.

तौक्तेची वाट आम्ही बघितली ती टाळेबंदीत. 14 मेपासून लक्षद्वीपजवळ त्याची जुळवाजुळव चाललेली. घरामागच्या टेकाडावर चढलं की मोबाइलला रेंज येई. तिथे उभे राहून आम्ही नकाशावरची रेघ बघत होतो : केरळ, मंगळूर, भटकळ, कारवार. कारवारचे नातेवाईक फोन करून लाटांचं सांगत. काका थकले होते, खाटेवरून उठत नव्हते. मी त्यांना वाऱ्याचा वेग सांगितला. त्यांनी विचारलं, “वारं कुठून? आणि ओहोळाकडचं घर रिकामं केलं का?” 16 मेला वादळ कारवार-गोव्यासमोरून गेलं. इथे रात्रभर रानात फांद्या मोडत होत्या, वीज गेली होती, आणि त्या आवाजात झाड कुठे पडतंय याचा अंदाज घेत आम्ही जागे होतो. 17च्या रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर, ऊना-दीवच्या बाजूला, जमिनीवर आलं. त्याच वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-305 हा तराफा बुडून सत्तरहून अधिक कामगार गेले. आमच्याकडे छपरं उडाली, पण माणूस दगावला नाही. ओहोळाकडचं घर आधीच रिकामं केलेलं होतं.

त्या काळात आलेले बहुतेक इशारे किनाऱ्यासाठी होते : मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, होड्या बांधून ठेवाव्यात. ते योग्यच होते. पण वादळ खालून वर येतं आणि त्याचं पाणी वरून खाली जातं. काळी नदी डिग्गीच्या बाजूला, आमच्याच तालुक्यात उगम पावते आणि सुमारे 184 किलोमीटर वाहत कारवारला समुद्राला मिळते. वाटेत सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं. जोयड्यात कोसळलेला पाऊस कद्र्याच्या दारांशी जातो. 2019च्या ऑगस्टमध्ये आणि 2021च्या जुलैमध्ये कद्र्यातून पाणी सोडावं लागलं, तेव्हा खालची गावं बुडाली. त्याच जुलैत अणशी घाटात दरडी कोसळल्या आणि कारवारचा रस्ता बंद पडला. ज्यांचा दवाखाना, कचेरी आणि बाजार त्या घाटाच्या पलीकडे, त्यांच्यासाठी ही वादळाइतकीच मोठी आपत्ती होती.

अरबी समुद्र तापतो आहे आणि त्यातली वादळं अधिक जोरदार, अधिक काळ टिकणारी झाली आहेत, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. म्हणजे आजीचे दोन काळ यापुढे अधिक कठीण जाणार. उपग्रह आज आजीपेक्षा कितीतरी आधी वादळ बघतो. पण कुठल्या ओहोळाला रात्रीत पूर येतो, कुठला उतार पूर्वी सुटला होता, कुठल्या वाडीत एकटी म्हातारी राहते, हे उपग्रहाला कळत नाही. ते वाडीला कळतं.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा द्या, आणि तो कानडीबरोबर कोकणी-मराठीतही द्या. त्यात रस्ता, उतार, ओहोळ यांची नावं असू द्या. आणि जोयड्याच्या, रामनगरच्या, कुंभारवाड्याच्या तरुणांनो, या कृत्तिकांच्या आधी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ वही घेऊन बसा. वादळात कुठे पाणी आलं, कुठे दरड सुटली, माणसं कुठे जाऊन थांबली, ते विचारा आणि लिहून ग्रामपंचायतीत द्या.